मोठीबाई, इकडे बघा

२ नोव्हेंबर

पोचले एकदाची! दोन पेट्या, दोन ट्रायपॉड, एक वळकटी आणि उन्हाने लाल झालेलं नाक, एवढा संसार व्हॅनमधून उतरवताना मालकीणबाई म्हणाल्या, अहो, फोटो काढायला आलात की नांदायला? मी म्हटलं, हा हंगाम नांदते, मग बघू. त्या खळखळून हसल्या आणि पहिल्याच भेटीत आमचं जमलं.

खोली वरच्या मजल्यावर आहे. लोखंडी खाट, भिंतीत एक कपाट आणि एक टेबल. टेबलाचा एक पाय आखूड, म्हणून त्याखाली पुठ्ठ्याची घडी. खिडकी उघडली की समोर उभा करडा कडा. त्याच्या मधोमध पांढरे ओघळ दिसतात. ते गरुडांच्या शीचे आहेत हे मालकीणबाईंनी मोठ्या कौतुकाने सांगितलं. त्या ओघळांच्या वरच घरटं आहे म्हणे.

घरात माणसं दोनच. मालकीणबाई आणि त्यांचे दीर. त्या त्यांना भाऊजी म्हणतात, मीही भाऊजीच म्हणायचं ठरवलंय. पक्ष्यांचे फोटो काढायला येणाऱ्यांसाठी ही जागा मालकीणबाईंच्या नवऱ्याने सुरू केली. तो गेला, आता हे दोघं चालवतात. शिवाय एक कुत्रा आहे, त्याचं नाव बोका. का, ते विचारलं तर भाऊजी म्हणाले, त्याला राग येत नाही, मग तुम्हाला काय अडचण?

माझं काम सोपं आहे. हंगामभर गरुडांचे फोटो काढायचे, आणि पाहुणे आले की त्यांना कॅमेरा कसा धरायचा ते दाखवायचं. अकरा वर्षं मी स्टुडिओत पासपोर्टचे फोटो काढले. मान सरळ, कान दिसू देत, हसू नका. अकरा वर्षं हेच. गरुड निदान मला गोरं करा असं म्हणणार नाही.

ताईला कळवलं नाही अजून. आई गेल्यावर तिनेच मला वाढवलं, वेण्या घातल्या, स्टुडिओतली नोकरीही तिनेच शब्द टाकून मिळवून दिली. ती मी सोडली तेव्हा म्हणाली, माणसांना कंटाळलीस म्हणून आता कावळ्यांचे फोटो काढणार का? त्यानंतर दीड वर्षं आम्ही 'बरी आहेस ना' आणि 'बरी आहे' यापलीकडे बोललो नाही. मला एक फोटो काढायचाय. एकच. तो बघून ताईने म्हणायला हवं, चिंगे, जमलं गं तुला. बाकी काही नको.

४ नोव्हेंबर

आज पहिल्यांदा लपणात बसले. लपण म्हणजे जेमतेम दोन माणसं मावतील अशी लाकडी खोपटी, अर्धी जमिनीत गाडलेली. समोर हातभर लांब फट, त्यावर काळं कापड, आणि कापडाला पाडलेल्या भोकातून लेन्स बाहेर. बाहेरून पाहिलं तर फक्त काचेचं गोल भिंग दिसतं. आत एक स्टूल, वाळूची पिशवी, थर्मास आणि झाकणाची बादली. बादली कशाला ते लिहीत नाही.

भाऊजींची पद्धत ऐकून मजा वाटली. मांस आदल्या संध्याकाळी, पक्षी निजायला गेल्यावर टाकायचं, लपणापासून मोजून तीस पावलांवर. सकाळी उजाडताना आम्ही दोघांनी लपणाकडे चालत जायचं. कड्यावरून गरुड बघत असतात, ते बघू देत. मी आत, भाऊजी बाहेरून कडी घालणार आणि एकटेच परत जाणार. गरुडांना वाटतं, माणसं आली आणि गेली. भाऊजी म्हणाले, त्यांना बेरीज येते, वजाबाकी येत नाही. कडी बाहेरून का, तर वाऱ्याने दार आपटलं की महिनाभर एक पक्षी खाली उतरत नाही. ते संध्याकाळी येऊन सोडवणार. तोवर शिंकसुद्धा जपून.

साडेनऊला मादी उतरली. केवढी ती! भाऊजी तिला मोठीबाई म्हणतात. नर तिच्याहून लहान, तो लांब दगडावर बसून तिचं होईपर्यंत वाट बघतो, म्हणून तो घरजावई. या वर्षीची दोन पिल्लं आता आईएवढीच दिसतात, फक्त पंखांवर पांढरे ठिपके आहेत.

मेलेलं वासरू ठेवलं होतं. मोठीबाई त्याच्या डोक्यावर उभी राहिली, पंजा कपाळावर रोवला आणि आधी डोळा काढला. एका झटक्यात. मग मान वळवून दुसरा. नंतर जीभ, नंतर मागून पोट फाडलं. मी दोनशे फोटो काढले आणि डबा तसाच परत आणला. भाऊजींना विचारलं, डोळेच आधी का? ते म्हणाले, मऊ असतं, चकाकतं, कातडी फाडायचे कष्ट नाहीत. त्यांनी नाकावरचा चष्मा वर सरकवला. तो त्यांनी दोरीने मानेमागे बांधलेला असतो, पडू नये म्हणून. शिवाय, म्हणाले, एकदा चव लागली की ते विसरत नाहीत.

८ नोव्हेंबर

चार दिवसांत हजारभर फोटो. सगळे चांगले आहेत आणि एकही कामाचा नाही.

उडताना, भांडताना, आतडं ओढताना, सगळं मिळालं. पण प्रत्येक फोटोत गरुड दुसरीकडे बघतोय. स्टुडिओत मी शिकले ते एवढंच की माणूस तुमच्याकडे बघत नसेल तर तो फोटो नव्हे, ती नोंद. मला मोठीबाई हवी आहे समोरून, दोन्ही डोळे माझ्यावर, आणि डोळ्यांत चमक. ताईसुद्धा असा फोटो बाजूला ठेवू शकणार नाही.

पाळण्यातल्या पोरांचे पासपोर्ट फोटो काढणं म्हणजे सगळ्यात तापदायक काम. आई मागून टाळ्या वाजवते, बाप शिट्ट्या मारतो आणि पोर पंख्याकडे बघत बसतं. मी लेन्सच्या बरोबर खाली तारेने खुळखुळा बांधायचे. पोर खुळखुळ्याकडे बघायचं, म्हणजे माझ्याकडे बघायचं. तीन मिनिटांत काम. मालक म्हणायचे, ही युक्ती कुणाला सांगू नकोस.

गरुडाला खुळखुळा काय चालेल, हा विचार करत दुपार गेली. उत्तर समोरच पडलं होतं.

भाऊजींना सहज विचारल्यासारखं विचारलं, मांस जवळ ठेवलं तर? अगदी फटीपाशी? ते चहाचा कप खाली ठेवून म्हणाले, नाही. तीस पावलं म्हणजे तीस पावलं. घास कुठून येतो हे त्यांना कळता कामा नये. मी म्हटलं, बरं.

११ नोव्हेंबर

कधी कधी मी फार वाईट मुलगी असते.

मालकीणबाईंच्या फ्रिजरमधून हातभर लांब काळजाचा तुकडा आणला, प्लास्टिकमध्ये गुंडाळून थर्मासच्या पिशवीत लपवला. भाऊजी गेल्यावर कापडाच्या भोकातून हात बाहेर काढून तारेने लेन्सच्या खाली बांधला, भिंगाच्या कडेला टेकेल असा. हात धुवायला थर्मासमधला चहा वापरला.

दोन तास काही नाही. मग मोठीबाई वासरावरून चालत आली. गरुड चालताना फारच वेडा दिसतो, घट्ट बूट घातलेल्या म्हाताऱ्यासारखा. मला हसू आलं. मग ती लेन्सच्या दोन हात अलीकडे थांबली आणि मी हसायचं विसरले. फटीतून तिचा वास आला, ओल्या लोखंडासारखा. मी पुटपुटले, मोठीबाई, इकडे बघा. आणि तिने बघितलं.

एकच फोटो घेतला. पुढच्या क्षणी काळीज गेलं आणि कॅमेरा माझ्या गालफडावर आदळला.

फोटोत चोच आहे, भुवई आहे आणि दोन पिवळे डोळे सरळ माझ्यात घुसलेले. बाहुलीत गोल काच दिसतेय, माझी लेन्स. संध्याकाळी घरामागच्या पाण्याच्या टाकीवर चढले, तिथेच काय तो सिग्नल येतो, आणि फोटो ताईला पाठवला. खाली एक शब्द लिहिला नाही.

१२ नोव्हेंबर

ताईचा फोन आला! टाकीवर उभी राहून वीस मिनिटं बोलले, पाय बधिर झाले. म्हणाली, चिंगे, हे माझ्याकडेच बघतंय असं वाटलं, मी फोन उलटा ठेवला. मग म्हणाली, मला तो पक्षी प्रत्यक्ष बघायचाय. तीस तारखेला दोन दिवसांसाठी येते. दुर्बीण घेतलीये मी, तुझ्यासाठी नाही हं, माझ्यासाठी.

दहा वर्षांची असल्यापासून जाड चष्मा लावणारी माझी ताई दुर्बीण घेऊन येणार! मालकीणबाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, त्या दिवशी मी शहरातून परत येणारच आहे, स्टेशनवरून मीच घेऊन येते. मी त्यांना मिठीच मारली. बिचाऱ्या गोंधळल्या.

१६ नोव्हेंबर

रोज बांधते. आता मोठीबाईला वाट बघायला लागत नाही, ती आधी माझ्याकडे येते, मग वासराकडे जाते. पिल्लंही आली. आज घरजावईसुद्धा आला, तिच्या आधी! तिने त्याला असा धरला की पाठीवरची मूठभर पिसं उडाली आणि रक्ताचे शिंतोडे कापडावर पडले. तेही फोटोत आलं.

पहिल्या फोटोत तिचा एक डोळा किंचित धूसर आहे. छोट्या पडद्यावर दिसत नाही, पण मला माहीत आहे. ताई येईपर्यंत धारदार हवा.

आणखी तीन गरुड कुठून तरी आलेत. भाऊजी म्हणाले, थंडीचे येतात कधी कधी, पण इतके नाही. मग माझ्याकडे बघत राहिले. मी थर्मास घासत राहिले.

१९ नोव्हेंबर

आज मांस बांधलंच नाही. फ्रिजरमध्ये उरलं नव्हतं.

तरी ते आले. मोठीबाईने लेन्समध्ये बघितलं, मान तिरकी केली आणि चोचीने काचेवर टकटक केलं. एकदा, दोनदा. जसं दार वाजवावं. मला गंमत वाटली, मी आतून तशीच टकटक केली. तिने पंजा मारला. पुढची संरक्षक काच फुटली आणि एक नख कापडातून आत आलं, माझ्या भुवईवरून फिरलं आणि परत गेलं. चार टाके पडले असते, मालकीणबाईंनी चिकटपट्टीवर भागवलं. त्यांना सांगितलं, ट्रायपॉड लागला.

उरलेला दिवस एक पिल्लू फटीपुढे बसून होतं. वासराकडे त्याने ढुंकूनही पाहिलं नाही.

२२ नोव्हेंबर

व्हॅनचे दोन्ही आरसे फुटलेत. एक दिवाही. मालकीणबाई रस्त्यावरून जाणाऱ्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होत्या. आरशाच्या कडेला पांढरी शी होती. मी ती ओल्या फडक्याने पुसून टाकली.

का पुसली? सांगितलं तर भाऊजी मला उद्याच घरी पाठवतील. आणि ताई येईल तेव्हा मी इथे नसेन. पुन्हा तेच, धरसोड करणारी चिंगी, हिच्याकडून एक गोष्ट नीट होत नाही. मला ते नकोय. आठ दिवसांचा तर प्रश्न आहे. मांस बांधणं बंद केलंय. विसरतील.

२४ नोव्हेंबर

बोका मेला.

भरदुपारी, अंगणात. मी आणि मालकीणबाई वाळत घातलेल्या चादरी काढत होतो. सावली गेली म्हणून वर बघितलं, तोवर मोठीबाई त्याच्या पाठीवर होती. तो वळला तिला चावायला, आणि तिला तेच हवं होतं. दोन्ही पिल्लं उतरली. आवाज माझ्या कानातून जात नाही, कुत्र्याचा आवाज नव्हता तो. मालकीणबाईंनी चादर फेकली, मी काठी मारली. मोठीबाई हलली नाही, माझ्या काठीखाली खात राहिली. मग निघाली, सावकाश.

बोका जिवंत होता. उभा राहिला. दारापर्यंत चालत आला, भिंतीवर आपटला, पुन्हा चालला. त्याला दोन्ही डोळे नव्हते.

भाऊजींनी कुदळीने त्याला सोडवलं आणि तिथेच बसून रडले. म्हणाले, ससा-घोरपड मारतात, पण एवढ्या मोठ्या जिवंत जनावराला हात लावत नाहीत हे, चाळीस वर्षांत बघितलं नाही. मला ठाऊक आहे काय झालं. वर बघितलं की बोक्याचे डोळे चकाकायचे.

२६ नोव्हेंबर

मालकीणबाई व्हॅन घेऊन शहरात गेल्या. आरसे बसवायचे, आणि तीसला ताईला घेऊन येणार. मी त्यांना हात करत फाटकापर्यंत गेले. सांगायचं होतं. तोंड उघडलं आणि म्हटलं, सांभाळून जा.

आज सात मोजले. घराच्या छपरावर.

२७ नोव्हेंबर

भाऊजींना सांगणार होते. जेवताना सांगणार होते. ते म्हणाले, उद्या शेवटचं बसा लपणात, परवापासून बंद, मांसही बंद, त्यांना उपाशी राहू दे महिनाभर, जातील. मला एकदम सुटल्यासारखं झालं. शिवाय एक दिवस मिळाला. धारदार फोटोसाठी एक शेवटचा दिवस. लाज वाटते लिहायला, पण हेच मनात आलं.

उद्या संध्याकाळी सगळं सांगते. नक्की.

२८ नोव्हेंबर

सकाळचे दहा असतील. लपणात आहे.

नेहमीसारखे आलो. भाऊजींनी कडी घातली, म्हणाले, ताईंसाठी चांगला काढा. वळले. समोरून ऊन होतं. मी फटीतून त्यांचा चष्मा चमकलेला बघितला. मी ओरडले, चष्मा काढा. त्यांना वाटलं मी हाक मारली. ते माझ्याकडे वळले, हसत.

मोठीबाई मागून नाही आली. समोरून आली. पंजा तोंडभर बसला. काच फुटल्याचा आवाज मी ऐकला. त्यांनी दोन्ही हातांनी तिचा पाय धरला आणि ओढला, आणि तो सुटेना, नखं आत रुतली होती, ओढलं की आणखी— पिल्लं हातांवर आली. बोटं—

चष्म्याची दोरी. मानेमागची. चष्मा निघालाच नाही.

ते दारापर्यंत आले. चाचपत. त्यांचा तळवा फळीवर फिरत होता. मी आतून सांगत होते, डावीकडे, भाऊजी, डावीकडे, आणखी वर. एकदा बोट कडीला लागलं. कडी वाजली. मग त्यांना खाली ओढलं.

किती वेळ ते लिहीत नाही. फळीच्या पलीकडे होते ते, माझ्यापासून वीतभर. शेवटी मला म्हणाले, दिसत नाही हो काही.

संध्याकाळ

दार उघडत नाही. फळीखाली ट्रायपॉडचा पाय घालून उचकटतेय. लाकूड जाड आहे. फोन लागत नाही, लागणार नाही. ओरडून उपयोग नाही. घरी कुणीच नाही.

मी सांगितलं असतं तर. जेवताना. चार वाक्यं होती.

२९ नोव्हेंबर

रात्रभर उचकटलं. एक खिळा निघाला.

लेन्स आत ओढून घेतली. तरी फटीशी येतात. काच नाही तर आत बघतात. त्यांना कळलंय, काचेच्या मागे मांस असतं.

दुपार

बाहेर कण्हल्यासारखं ऐकू आलं. वाटलं भाऊजी— जिवंत असतील— फटीला डोळा लावला. एकच क्षण. एवढी अक्कल नव्हती मला? एवढं सगळं बघून?

डावा गेला.

कापड कोंबलंय. रक्त थांबत नाही. गालावर काहीतरी लोंबतंय, त्याला हात लावत नाही. उजव्या डोळ्याने बघत लिहितेय, ओळी एकमेकींवर चढल्या असतील. दुखत नाही अजून. का दुखत नाही?

कण्हणं त्यांचं नव्हतं. वारा होता.

३० नोव्हेंबर

फळी सुटली. खालची. अंग निघेल एवढी जागा आहे. बाहेर ऊन. छपरावर नखांचा आवाज, सहा तरी आहेत. गप्प बसले तर वाचेन. अंधार पडला की सरपटत—

व्हॅन.

व्हॅनचा आवाज आला. ताई.

भाऊजी दारापुढच्या खळग्यात आहेत, वाटेवरून दिसणार नाहीत. कुणाला काही कळणार नाही. मालकीणबाई सामान उतरवत असतील. सांगतील, दोघं लपणाकडे असतील, जा.

येतेय. एकटी. निळी साडी. वाटेवर मध्येच थांबली, चष्मा पुसला पदराने, पुन्हा घातला—

ओरडले. वारा उलटा आहे. पुन्हा ओरडले. तिने हात हलवला. हसतेय. मला भेटायला हसत येतेय गं ती.

छपरावरचा आवाज थांबला. ते तिच्याकडे बघतायत.

पिशवीतून दुर्बीण काढतेय. ताई नको. ताई, खाली बघ. चष्मा काढ. जमिनीवर पालथी हो—

आतून लेन्स दाखवून भागणार नाही, छपरावरून फट दिसत नाही. बाहेर जायला हवं. मोठी लेन्स उन्हात धरायची, तोंडापुढे. चकाकेल. तिच्यापेक्षा जास्त चकाकेल. माझ्याकडेच येतील ते, येतीलच, मीच त्यांना—